फिबिस आणि बाकीच्या जुन्या नोंदींच्या साइट्स : पणजोबांच्या वहीतला बुद्धिबळवाला साहेब शोधताना

वर्षभर वापरून झाल्यावर लिहितेय, त्यामुळे जरा लांबेल.

आधी कशासाठी वापरलं ते सांगते. माझे पणजोबा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या परळ वर्कशॉपात कारकून होते, आणि बुद्धिबळाचं वेड एवढं की खेळलेले डाव वहीत उतरवून ठेवायचे. वही आजीच्या ट्रंकेत होती. लिखाण मोडीत, पण समोरच्या खेळाडूचं नाव इंग्रजीत, नुसती दोन आद्याक्षरं आणि आडनाव, आणि काही डावांवर शेजारी ‘विलायती’ असं लिहिलेलं. म्हणजे प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं चालणार, राजाला आपल्याकडची एकदाची घोड्याची उडी नाही. १९०९ च्या एका पानावर सलग चार डाव एकाच साहेबाशी, चौथा बरोबरीत सुटलेला आणि त्याखाली दोन रेघा ओढलेल्या. हा माणूस कोण, कुठून आला, घरी कोण होतं, हे मला कळायलाच हवं असं वाटलं. आडनाव इथे देत नाही, त्याची पणतवंडं असतील कुठेतरी.

सुरुवात फिबिसपासून केली आणि तुम्हीही तिथूनच करा. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, १९९८ पासून चालू आहे, इंग्लंडमधली धर्मादाय संस्था आहे आणि काम स्वयंसेवक करतात. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, टाइम्स ऑफ इंडियात छापून आलेल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या बातम्या, असल्या नोंदी बसून बसून टाइप केल्यात. शोधायला पैसे लागत नाहीत. मी आडनाव, मुंबई आणि दहा वर्षांचा टप्पा टाकला आणि पंधरा मिनिटांत भायखळ्याच्या चर्चमधलं १९०८ चं एक लग्न समोर आलं. सोबत संदर्भ क्रमांक, सुरुवात ‘एन/३’. हा ‘एन/३’ लक्षात ठेवा, मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींचा तो शिक्का आहे, बंगाल एन/१, मद्रास एन/२. मूळ बाडं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांचे फोटो पैसे भरून घरबसल्या बघता येतात.

पान उघडलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी घरात एकटीच जागी. वय २५, अविवाहित, धंदा ‘फिटर, जीआयपी रेल्वे’, राहणार परळ, बापाचं नाव, खाली नवरा-नवरीच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. सह्या बघून डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, पण नीट बघितलं तर चारही सह्या एकाच वळणाच्या! मग कळलं की लंडनला गेली ती नक्कल, चर्चमधल्या वहीवरून उतरवून पाठवलेली, म्हणजे सही म्हणून दिसतं ते नक्कल करणाऱ्याचं अक्षर. खरी सही इथेच, मूळ रजिस्टरमध्ये. फिबिसच्या विकीवर हे नीट समजावून दिलंय, शोध सुरू करायच्या आधी ते एकदा वाचाच, माझे बरेच दिवस वाचले असते.

पुढचा टप्पा म्हणजे इंग्लंडमधला जन्म. तिकडे १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे. फ्रीबीएमडी नावाची फुकट साइट आहे ती चांगलीच आहे, पण मी म्हणेन की सरकारच्या जनरल रजिस्टर ऑफिसची सूची वापरा, कारण तिच्यात आईचं माहेरचं आडनाव दिलंय, अगदी १८३७ पासून. जुन्या बुद्धिबळवाल्यांच्या बाबतीत सगळं इथेच अडतं हो. स्पर्धेच्या तक्त्यात पुरुषांची आद्याक्षरं आणि बायकांचं नुसतं ‘मिसेस’ अमुक, माहेर पुसलेलं.

लुईसा फॅगनबाईंचंच घ्या. जन्म नेपल्सचा, लग्न फौजेतल्या अधिकाऱ्याशी, १८८२ मध्ये आपल्या मुंबईत सान्स सूसी क्लबची स्पर्धा जिंकली, आणि १८९७ ला लंडनला बायकांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली त्यात वीस जणींत दुसरा नंबर. मुंबईत एवढा मोठा पराक्रम झालाय आणि इथे क्लबात कुणाला विचारा, नाव माहीत नसतं. आता ‘फॅगन’ टाकून शोधायला जाल तर फौजेतले इतके फॅगन निघतात की माणूस गळून जातो. त्यांचं माहेरचं आडनाव बॅलार्ड आणि भाऊ बुद्धिबळ खेळणारे, हे धरलं की मगच घर सापडतं, बुद्धिबळ कुठून आलं ते सापडतं. त्याच स्पर्धेत पहिल्या आलेल्या मेरी रज, १९ पैकी साडेअठरा गुण, वय ५५. लेमिन्स्टरच्या डॉक्टरची मुलगी, लग्न केलं नाही म्हणून आडनाव तेच राहिलं, म्हणून माग काढणं तेवढं सोपं. म्हणून मी कुठल्याही साइटला पहिला प्रश्न हाच विचारते की नाव कोरं ठेवून, नुसत्या माहेरच्या आडनावानं शोधता येतं का.

तर माझा फिटर. लग्नाच्या वयावरून जन्म १८८३ च्या आसपास, आणि वहीत पणजोबांनी एके ठिकाणी ‘क्रू गावचा’ असं लिहिलेलं, म्हणजे चेशायरमधलं रेल्वेचं गाव. क्रू टाकलं, काहीच नाही. दोन महिने हातात काही नाही. मग लक्षात आलं की नोंदणीचा जिल्हा गावाच्या नावाचा असेलच असं नाही, क्रू येतं नँटविच जिल्ह्यात. नँटविच टाकलं तर त्याच नावाची दोन पोरं, एकाच तिमाहीत जन्मलेली! आईची आडनावं वेगळी होती म्हणून दोघं वेगळे काढता आले. तीन-तीन पौंडांत दोन्ही नोंदींचे फोटो मागवले, बापाचं नाव लग्नाच्या नोंदीशी ताडून बघितलं आणि आपला कोण ते ठरलं. पैशाला पैसा वसूल.

जनगणनेसाठी एका पैसेवाल्या साइटची महिन्याची वर्गणी घेतली होती, तिचं नाव घेत नाही. त्यांनी महिना संपल्यावर न विचारता पुढच्या महिन्याचे पैसे कापले, आणि उतरवून घेणाऱ्यानं ‘फिटर’ चं ‘सिटर’ केलेलं, त्यामुळे धंद्यावरून शोधलं तर बाप सापडेचना. म्हणून सांगते, कार्ड टाकलं की त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करा, आणि उतरवलेल्या मजकुरावर भरवसा न ठेवता मूळ पानाचा फोटो उघडाच.

पण १९११ ची जनगणना बघितली आणि सगळे पैसे भरून पावले. त्या वर्षीचे फॉर्म घरमालकानं स्वतः भरलेले जपलेत, म्हणजे इथे खरं हस्ताक्षर. साहेब तोवर मुंबईत, पण त्याच्या बापाचा फॉर्म आहे. त्या वर्षी लग्न झालेल्या बायकांना विचारलं होतं, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यातली किती आहेत, किती गेली. मुलांच्या तीन रकान्यांत म्हाताऱ्यानं लिहिलंय नऊ, पाच, चार. चारचा आकडा आधी चुकून दुसऱ्या रकान्यात लिहून खोडलाय आणि मग शेजारी परत काढलाय. त्या खोडलेल्या आकड्याकडे मी किती वेळ बघत बसले होते काय सांगू.

वर्तमानपत्रांसाठी ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह. पैसे पडतात, पण बुद्धिबळवाल्याच्या मागावर असाल तर यावर खर्च करा, बाकीचं बहुतेक फुकटात भागतं. तेव्हा गावोगावच्या पेपरांत बुद्धिबळाचं सदर असायचं, दोन क्लबांची मॅच झाली की कितव्या पटावर कोण आणि कोण जिंकलं ते छापायचे. अडचण एवढीच की कॉम्प्युटरनं वाचलेल्या बारीक टायपात नावं बिघडतात, तेव्हा नावानं न शोधता क्लबचं गाव आणि ‘चेस’ टाका, मग एकेक कात्रण डोळ्यांनी वाचा. मला आमचा फिटर असाच मिळाला, वीस वर्षांचा, रेल्वे कारखान्यातल्या पोरांच्या संघात, सहाव्या पटावर, हरलेला. त्यानंतर सहा वर्षांनी परळमध्ये तो पणजोबांसमोर बसलेला!

फॅमिलीसर्चही फुकट आहे, खातं उघडावं लागतं एवढंच. मुंबईकडच्या नोंदींसाठी मला फिबिसइतका कामाला आला नाही, आणि काही फिल्म त्यांच्या केंद्रात गेल्याशिवाय उघडत नाहीत. पण तिथे आपल्या लोकांसाठी हिंदू तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यायांच्या वह्यांचे फोटोपण आहेत, पणजोबांच्या बाजूचं तिथे आणि नाशिकच्या उपाध्यायांकडे बघायचंय.

फिबिसला पाचपैकी पाच, आणि वर सभासद व्हा, लोक फुकट राबतायत तिथे. रजिस्टर ऑफिसच्या सूचीला साडेचार. वर्तमानपत्रांना चार, पण एकच महिना घ्या आणि त्या महिन्यात सुट्टी काढून बसा.

एक राहिलंच. लग्नाच्या नोंदीतला दुसरा साक्षीदार. मी वही परत काढली आणि १९१० च्या पानावर तेच आडनाव, तीच आद्याक्षरं, एक डाव, पणजोबांचा वजीर अकराव्या चालीला गेलेला. हा माणूस आयरिश असावा असं आडनावावरून वाटतंय. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारानं फुकट ठेवल्यात, आधीच्या बहुतेक गेल्या, बऱ्याचशा १९२२ च्या डब्लिनच्या आगीत. शनिवारी रात्री १९०१ पासून सुरुवात करणार आहे.