बंडगार्डनचा जुना पूल: वाइड न्यावी की टेलि?

पुण्यातल्या फिट्झगेराल्ड पुलाचे, म्हणजे आपल्या बंडगार्डनच्या जुन्या पुलाचे फोटो काढायचेत आणि त्यातून कमानींची रचनाही उमगायला हवी. मग बॅगेत १६-३५ मिमीची वाइड, म्हणजे जवळून मोठा भाग मावणारी लेन्स टाकायची, की ७०-२०० मिमीची टेलि, म्हणजे दूरचं जवळ आणणारी? मी दोन्ही वागवून पाहिल्या.

वाइडने पूल भव्य दिसतो, वादच नाही. कमानीच्या पोटाखालून दगडांचे थर टिपावेत तर तिनेच. टोकांवरचे सिंह दोन्हींनी छान येतात, त्यांच्यासाठी डोकं खाजवू नका.

माझं घोडं अडलं घरी आल्यावर. काठाजवळून अख्खी कमान मावायला कॅमेरा वर कलवावा लागला, तसे खांब आत झुकले. सॉफ्टवेअरने ते सरळ केले, पण त्या नादात उंची-रुंदीचं प्रमाण हललं आणि मूळ प्रमाण अंदाजानेच बसवत राहिलो. एकाच कमानीचे तीन फोटो, तीन वेगळी उत्तरं! एकात तर ती जवळजवळ अर्धवर्तुळ निघाली. आणि मेख नेमकी तिथेच आहे. अर्धवर्तुळात उंची रुंदीच्या निम्मी असते. इथल्या कमानी त्याहून चपट्या. कमान जितकी चपटी, तितकी ती बाजूला जास्त रेटते. मधल्या खांबांवर शेजारशेजारच्या कमानींचे रेटे बरेचसे एकमेकांना तोलतात, काठावरच्या बांधकामाला मात्र शेवटच्या कमानीचा रेटा एकट्याने सोसावा लागतो. प्रमाणच चुकलं तर हे फोटोत वाचणार कसं?

टेलि घेऊन बराच मागे गेलो, नवा पूल आड येणार नाही अशा बाजूला. कॅमेरा सपाट ठेवता आला, तिरकेपणाही कमी झाला. प्रिंटवर पट्टी लावून कमानीची रुंदी आणि कंस सुरू होतो तिथपासून माथ्यापर्यंतची उंची मोजली. रुंदीच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागायचं, त्यात निम्मी उंची मिळवायची, की त्रिज्या हाती येते. तेवढा कंपास उघडून कंस काढला की कमान खरंच वर्तुळाचा तुकडा आहे का, ते तपासता येतं.

टेलिचे नखरे आहेतच. उन्हाळ्यात दुपारी हवा थरथरते, पुढ्यात जलपर्णी पसरलेली असते आणि कुठलीतरी फांदी फ्रेममध्ये घुसतेच. सकाळी लवकर गेलेलं बरं.

अर्थात हा एका हौशी माणसाचा अनुभव. कॅमेरा न कलवता फ्रेम वर सरकवू देणारी शिफ्ट लेन्स परवडत असेल तर हा प्रश्नच उरत नाही. मला नाही परवडली. माझी १६-३५ सध्या घरच्या लग्नांपुरती बाहेर निघते.