ब्लिंक की मॅसेटर? ब्रेनस्टेम इस्केमियाची शंका असताना आधी कोणता रिफ्लेक्स घ्यावा

चक्कर, चेहऱ्याची एक बाजू बधिर आणि एमआरआय मात्र स्वच्छ. ब्रेनस्टेममधला (मेंदूच्या देठातला) छोटा इन्फार्क्ट, म्हणजे इस्केमियाने (रक्तपुरवठा तुटल्याने) मेलेला भाग, पहिल्या 24 तासांत ताजा स्ट्रोक टिपणाऱ्या डिफ्युजन एमआरआयलाही कधीकधी हुलकावणी देतो. असा पेशंट ईएमजीच्या (स्नायूंचे विद्युत संकेत नोंदवणाऱ्या चाचणीच्या) टेबलावर आला की आधी काय घ्यायचं, ब्लिंक (डोळे मिटण्याचा) की मॅसेटर (जबडा आवळण्याचा) रिफ्लेक्स? (तातडीचे उपचार अर्थातच यासाठी अडवून ठेवायचे नाहीत.)

कागदावर मॅसेटर रिफ्लेक्स देखणा आहे. हनुवटीवर हातोडी, 6 ते 9 मिलिसेकंदांत उत्तर, मिडब्रेन (ब्रेनस्टेमचा वरचा भाग) ते पॉन्स (मधला भाग) असा आखूड मार्ग. तिथे बिघाड असेल तर त्या बाजूची लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) लांबते किंवा उत्तरच येत नाही. ब्लिंक या वरच्या भागाबद्दल फारसं सांगत नाही, हे मान्य.

माझं घोडं अडलं ते दुसरीकडे. स्ट्रोकचे बरेचसे पेशंट वयस्कर, आणि या वयात मॅसेटर रिफ्लेक्स निरोगी माणसातही दोन्ही बाजूंनी गायब असू शकतो. मग रिपोर्टमध्ये लिहायचं काय? दोन्हीकडे नाही म्हणजे निष्कर्ष नाही. त्यात कवळी, जबडा सैल सोडायला सांगितलं की आवळणारे लोक आणि दर ठोक्यागणिक थोडी हलणारी लेटन्सी. कुशल हाताला हे जमतही असेल; माझ्याकडे तरी अर्धा वेळ हनुवटी सैल करण्यातच जातो.

ब्लिंकला भुवईवर विजेचा हलका झटका पुरतो. पहिलं उत्तर, आर1, साधारण 10 ते 12 मिलिसेकंदांवर, त्याच बाजूला, पॉन्समधून. दुसरं, आर2, 30 ते 40च्या आसपास, दोन्ही डोळ्यांत, मेड्युलाच्या (ब्रेनस्टेमच्या खालच्या भागाच्या) बाजूच्या भागातून. वॉलेनबर्ग सिंड्रोममध्ये (मेड्युलाच्या याच बाजूच्या भागातल्या इन्फार्क्टमध्ये) याची खरी मजा. बाधित बाजूला झटका दिला की आर2 दोन्हीकडे उशिरा येतो किंवा येतच नाही, आर1 बहुधा शाबूत; निरोगी बाजूने सगळं सुरळीत. एका चित्रात बाजूही कळते, पातळीही. पेशंट पेंगला किंवा डायझेपाम (गुंगी आणणारं औषध) घेतलेलं असलं की आर2 मंदावतो, झटके भराभर दिले तरी विरतो. पण पेशंटला जागं ठेवणं आणि दोन झटक्यांत अंतर ठेवणं आपल्या हातात असतं.

इस्केमिया की डिमायलिनेशन (मज्जातंतूंचं आवरण झिजणं), हे दोन्हींपैकी एकही चाचणी सांगत नाही; ते पेशंटच्या आजाराच्या इतिहासावरून आणि इतर तपासण्यांवरून ठरवायचं. पेशंट तरुण असेल, दात स्वतःचे असतील आणि शंका मिडब्रेनची असेल, तर मॅसेटर जरूर घ्या. मीही घेतो, ब्लिंक झाल्यावर.