ऑफलाइन सिनेमे: काही महिन्यांच्या वापरानंतर

कामामुळे सोलापूर-पुणे ये-जा कायमची. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस कुर्डुवाडीच्या पुढे गेली की दौंडपर्यंत रेंजचा भरवसा नसतो. म्हणून एका ॲपचा वार्षिक पॅक घेतला आणि आदल्या रात्री घरच्या वायफायवर सिनेमा उतरवून ठेवायचा शिरस्ता पडला.

प्रवासापुरतं बोलायचं तर पैसे वसूल. चित्र स्वच्छ, सबटायटल जागेवर, चोरीच्या कॉपीत असतात तशा मध्येच जुगाराच्या जाहिराती नाहीत. साध्या दर्जात अडीच तासांचा सिनेमा माझ्या फोनवर एक जीबीच्या आत बसतो. भाषा मात्र उतरवतानाच निवडावी लागते. शेजारचे अण्णा सोलापुरातल्या तेलुगू वस्तीच्या अशोक चौकातले, त्यांना तेलुगू सिनेमा तेलुगूतच लागतो. एकदा त्यांच्यासाठी घाईत उतरवला तो हिंदी डब निघाला. दहा मिनिटांत त्यांनी फोन परत केला.

आता तक्रार. उतरवलेली फाइल कुलूपबंद असते. पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावता येत नाही, त्याच ॲपमध्ये बघायची. वर तिला मुदत. वाटेत जेऊरच्या आसपास सिनेमा उघडला तर 'मुदत संपली, इंटरनेटला जोडा'. तिथे इंटरनेट असतं तर आधी उतरवला कशाला असता? आता स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी प्रत्येक सिनेमा एकदा उघडून बघतो. पॅक संपला की सगळी यादी मुकी, आणि ॲपकडचे हक्क संपले तर पॅक चालू असूनही सिनेमा गायब.

ॲपवर एकेक सिनेमा भाड्याने घेणं आमच्या घराला झेपलं नाही. सुरू करायला 30 दिवस, पण एकदा सुरू केला की 48 तास. शुक्रवारी रात्री लावला, शनिवारी पाहुणे आले, रविवारी जेवणं उरकून बसलो तर क्लायमॅक्सला कुलूप. तीन हप्त्यांत सिनेमा बघणाऱ्या कुटुंबाचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

हे ऐकून भाचा हसतो. "मामा, पैसे कशाला भरताय? टेलिग्रामच्या चॅनेलवर कालच आलाय की!" त्याच्या लेखी नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे. पूर्वी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड सिनेमांनी भरून मिळायचं, तेव्हाही कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर थिएटरात चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्याला किमान तीन महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड आहे, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मी कुठं रेकॉर्ड केलंय?" कायद्याची भीती घालून उपयोग नाही. पण पैसे भरणाऱ्याच्याच हातातून सिनेमा निसटत असेल तर भाच्याला काय तोंडाने समजवायचं, हा प्रश्न कंपन्यांनाही पडायला हवा.

खरोखर आपल्याकडे राहील अशी फाइल हवी असेल तर जुन्या सिनेमांकडे वळा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार सिनेमावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर व्ही. शांताराम यांनी काढलेला 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' 1946 चा, म्हणजे त्याची मुदत 2006 अखेर संपली. असे सिनेमे इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहासारख्या ठिकाणी शोधायचे. खाती नाहीत, मुदत नाही, टीव्हीला लावा नाहीतर कार्डात ठेवा. प्रिंट मात्र जशी असेल तशी: मला मिळाली तिच्यात आवाज खरखरतो आणि रात्रीच्या दृश्यांत नुसता काळोख दिसतो. आईला त्याचं काही वाटलं नाही, ती शेवटपर्यंत बसली.

फक्त त्यातली गाणी काढून रीलला लावायच्या आधी थांबा. संगीताचा हक्क वेगळा असतो, तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. या सिनेमाचे संगीतकार वसंत देसाई 1975 साली गेले, त्यामुळे त्यांच्या चालींना 2035 अखेरपर्यंत परवानगीशिवाय हात लावता येणार नाही.