कोकरांसाठी प्लास्टिक स्लॅटचे मचाण : एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आमचा पंचवीसेक मेंढ्यांचा लहान कळप आहे. मेंढ्या दिवसा चरायला जातात आणि कोकरे घरी राहतात. मृगाच्या तोंडावर आम्ही कोकरांच्या खोलीत दहा बाय सहा फुटांचे प्लास्टिक स्लॅटचे, म्हणजे मध्ये फटी ठेवून जोडलेल्या पट्ट्यांचे, मचाण बसवले. खाली लोखंडी अँगलचा सांगाडा आहे, जमिनीपासूनची उंची अडीच फूट आहे आणि दोन पट्ट्यांमधली फट साधारण दीड सेंटिमीटर आहे. महाशिवरात्र होऊन गेली आहे, म्हणजे एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण हिवाळा कोकरे त्यावर वाढली आहेत.

पावसाळ्यातला अनुभव फार चांगला आहे. आमची जमीन काळी आहे. आषाढात ती एकदा भिजली की खोलीतली भुईसुद्धा ओल धरते आणि त्यावर लेंडी व मूत्र साचून असा दर्प सुटतो की माणसाचेही डोळे चुरचुरतात. कोकराचे नाक तर बसल्यावर जमिनीपासून वीतभरच वर असते. मचाणावर लेंडी खाली पडते, मूत्र निथळून जाते आणि सकाळी कोकरे उचलून पाहिली तर पोटाखालची लोकर कोरडी असते. माझ्या लेखी या वस्तूची किंमत त्या कोरड्या लोकरीतच वसूल होते.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. कोकरांच्या हगवणीला अनेकदा कॉक्सिडिया नावाचा एकपेशीय परजीवी जबाबदार असतो. त्याची अंडी लेंडीतून बाहेर पडतात तेव्हा लगेच रोग पसरवत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की ती काही दिवसांत पक्व होतात आणि मग चाऱ्याबरोबर किंवा चाटण्यातून पोटात गेल्यास आतड्याच्या अस्तरात वाढतात. तीन-चार आठवड्यांपुढची कोकरे याला लवकर बळी पडतात, कारण याच वयात ती चारा चघळू लागतात आणि दिसेल ते चाटून पाहतात. लेंडी तोंडापासून दूर गेली की हे चक्र बऱ्याच अंशी तुटते. यंदाच्या श्रावणात आमच्याकडे हगवण आटोक्यात राहिली, मात्र ती पूर्णपणे थांबली नाही, कारण संध्याकाळी चरून आलेली मेंढी ओल्या जागेत बसते, तिची कास चिखलाने माखते आणि कोकरू त्याच सडाला तोंड लावते. म्हणून मचाण घेतले तरी मेंढ्यांच्या बसण्याच्या जागी मुरूम टाकणे चुकत नाही आणि आंत्रविषार या जिवाणूंमुळे होणाऱ्या आतड्याच्या वेगळ्या रोगाची पावसाळ्यापूर्वीची लस तर मुळीच चुकवू नये.

हिवाळ्यात मात्र हीच वस्तू त्रासाची ठरू शकते. धुळ्याकडची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो आणि मचाणाखालून वारा सरळ कोकरांच्या पोटाला लागतो. थंडीच्या पहिल्या लाटेत सगळी कोकरे एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली आढळली आणि खालचे सर्वांत लहान कोकरू दबून निपचित पडले होते. ते शेकून वाचले. आमच्याकडे मेंढ्या बसवायला येणाऱ्या एका ठेलारी (मेंढपाळ समाजाच्या) आजोबांनी दुसऱ्या दिवशी ते मचाण निरखून पाहिले आणि इतकेच विचारले, "खालून वारा येतो, तो कोण अडवणार?" त्यांच्या वाड्यावर लहान कोकरे अजूनही डालग्याखाली, म्हणजे विणलेल्या मोठ्या टोपलीखाली, झाकतात, आणि उबेच्या बाबतीत डालगे या मचाणापेक्षा सरस आहे, हे मान्य करावे लागेल.

त्यानंतर आम्ही सांगाड्याच्या चारही बाजूंना जमिनीपर्यंत गोणपाट बांधले आणि रात्री अर्ध्या भागावर पोती अंथरून त्यावर गव्हाचा भुसा पसरू लागलो. हा भुसा रोज सकाळी काढावाच लागतो, नाहीतर तो ओला होऊन मचाणाचा हेतूच संपतो. नुकतेच जन्मलेले कोकरू तर पहिला आठवडाभर मचाणावर ठेवूच नये. त्याची खुरे मऊ आणि अरुंद असतात, फटीत अडकतात. शिवाय त्याने जन्मानंतर तासा-दोन तासांत आईचा चीक प्यायला हवा आणि त्यासाठी मेंढी व कोकरू कोरड्या भुईवर एकत्र असलेलेच बरे.

स्वच्छतेचे काम कमी होते, असे विक्रेते सांगतात, ते अर्धेच खरे आहे. वाळलेली लेंडी आपोआप खाली जाते, परंतु कोवळा घास जास्त झाला की लेंडी पातळ होऊन पट्ट्यांना चिकटते आणि कडक ब्रशने घासावी लागते. खालची लेंडी दर आठवड्याला ओढून काढली नाही तर माशा आणि दर्प दोन्ही परततात. अडीच फूट उंचीमुळे फावडे नीट फिरते, त्याहून कमी उंची घेऊ नये. हे लेंडीखत मातीविना मिळते, ही जमेची बाजू आहे. यंदा ते कपाशीच्या रानात टाकणार आहोत.

घेताना पट्टीच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. आम्हाला मिळालेल्या काही तुकड्यांच्या कडा खरखरीत होत्या, त्या कानस लावून गुळगुळीत करून घ्याव्या लागल्या. दोन तुकड्यांच्या जोडाखाली अँगल आलाच पाहिजे, नाहीतर कोकरे उड्या मारू लागली की जोड खचतो. पावसाळ्यात कोकरे असतील आणि जमीन काळी असेल, तर हे मचाण जरूर घ्यावे. ज्यांच्या सर्व मेंढ्या थंडीतच वितात आणि ज्यांची भुई मुरमाड व कोरडी आहे, त्यांनी हाच पैसा खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर खर्च करावा.