गाजर-सफरचंदाच्या प्युरीसाठी हाताने फिरवायचे पुरणयंत्र

भाजी आणि फळ एकत्र शिजवून तोंडी लावण्यासाठी त्यांची प्युरी करणाऱ्यांनी मिक्सरऐवजी हाताने फिरवायचे स्टीलचे पुरणयंत्र वापरावे, असे माझे ठाम मत आहे. मिक्सरचे पाते गर चिरत असतानाच त्यात हवाही मिसळते, त्यामुळे गाजराचा गडद नारिंगी रंग फिकट होतो. सोबत बटाटा असेल तर त्यातला स्टार्च मोकळा होऊन सगळे मिश्रण खळीसारखे चिकट होते. पुरणयंत्राचे तिरके पाते मात्र गर जाळीवर केवळ दाबत नेते, आणि खाली पडणारी प्युरी मऊ असूनही किंचित रवाळ राहते.

यंत्राचा खरा गुण दिसतो तो सफरचंदात. फोडी साली-बियांसकट शिजवल्या तरी चालतात, कारण साली, बिया आणि गाभ्याचा चिवट भाग जाळीवरच अडकतो. बिया भरडल्या जात नसल्याने कडवटपणा उतरत नाही, आणि साल लाल असेल तर गराला सुरेख गुलाबी छटा येते. साल आणि गाभा यांत पेक्टिन भरपूर असल्यामुळे असा शिजवलेला गर थंड होताना आपोआप दाटही होतो. गाजराला शिजायला अधिक वेळ लागतो, म्हणून ते आधी चढवावे, आणि पाण्यात शिजवण्यापेक्षा वाफवावे, नाहीतर प्युरीला पाणी सुटते. कच्चट राहिलेले गाजर पात्याखाली न जाता जाळीवर नुसते गोल सरकत राहते.

दांडा अधूनमधून उलटा फिरवला की जाळीवर साचलेला चोथा सुटतो. जाळीच्या खालच्या बाजूला चिकटलेला गर चमच्याने खरवडून घ्यावा, कारण सर्वांत मुलायम प्युरी तीच असते.

उणिवाही आहेत. माझ्या यंत्राचे आकडे रुंद तोंडाच्या पातेल्यावर नीट टेकत नाहीत, त्यामुळे एका हाताने ते घट्ट धरावे लागते. जाळी लगेच धुतली नाही तर भोकांत वाळलेले तंतू काढताना जीव मेटाकुटीला येतो. केवळ वाटीभर प्युरी हवी असेल तर यंत्र काढूच नये. तेवढा गर जाळी आणि पात्यालाच लागून जातो, त्यापेक्षा साधी चाळणी आणि पळी पुरेशी आहे.