दुरुस्तीपेक्षा फॉरमॅट: शाळेच्या लॅपटॉपचा नियम दोन सत्रं वापरल्यानंतर

आमच्या शाळेत आठवी-नववीची मुलं लॅपटॉप घरी नेतात आणि बिघडले की ते माझ्या टेबलावर येतात. जूनपासून नियम आहे: सॉफ्टवेअरची तक्रार वीस मिनिटांत सुटली नाही, तर शोधाशोध थांबवायची, क्लोनझिला या डिस्कची नक्कल घेणाऱ्या-टाकणाऱ्या प्रोग्रामने डिस्क पुसून मूळ इमेज (विंडोज आणि प्रोग्रामसकट आधी साठवून ठेवलेली डिस्कची नक्कल) टाकायची आणि लॅपटॉप परत द्यायचा.

वेळ वाचतो, यात वादच नाही. पूर्वी हँग होणारं एखादं मशीन आठवडाभर पडून असायचं. आता पेनड्राइव्हवरून बूट करायचं, इमेज निवडायची आणि आपल्या तासाला जायचं. क्लोनझिला फुकट आहे. डिस्कचा वापरलेला भागच उचलत असल्यामुळे इमेज आटोपशीर राहते. स्क्रीन जुन्या वळणाची आहे, पण डिस्क पुसण्याआधी दोनदा विचारते, हे बरंच.

दोन गोष्टी आधी पाहून घ्या. ज्या डिस्कची इमेज घेतली, निदान तेवढी तरी डिस्क समोरच्या मशीनमध्ये लागते. दुसरी म्हणजे बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारं विंडोजचं एनक्रिप्शन. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एनक्रिप्शन बरेचदा आपोआप सुरू होतं. मग क्लोनझिलाला आतलं कळत नाही, रिकाम्या जागेसकट सगळं कॉपी होतं. इमेज घेण्याआधी ते बंद करा. जिथे चालू ठेवाल तिथली ४८ अंकी रिकव्हरी की (अडल्यास कुलूप उघडणारा नंबर) शाळेच्या रजिस्टरात हवी, मुलाच्या वहीत नव्हे. इमेजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड घालून ठेवा; नाहीतर फॉरमॅटनंतर दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग दारात.

नियम अडतो तो फाइल्सपाशी. कागदावर लिहिलंय की काम ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवा, लॅपटॉपवरच्या फाइलला शाळा जबाबदार नाही. पण ज्या घरात नेट म्हणजे बाबांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि तोही ते कामावरून आल्यावर, तिथे विज्ञान प्रदर्शनाचा व्हिडिओ अपलोड होणार कधी? म्हणून आता पुसण्याआधी लाइव्ह लिनक्सने (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम) मुलाचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो आणि पंधरा दिवस ठेवतो. यात वेळ जातो. 'मग नियमाचा उपयोग काय?' असं एक सहकारी म्हणतात. मला हे पटत नाही. मुलाचं काम जात असेल तर पालक लॅपटॉप शाळेत आणतच नाहीत, कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात नेतात. तिथून तो क्रॅक केलेलं ऑफिस आणि सोबत ते फुकटात चालू करणारा एखादा 'अ‍ॅक्टिव्हेटर' घेऊन येतो, आणि त्या अ‍ॅक्टिव्हेटरमधून आणखी काय आत शिरलंय ते शोधत बसावं लागतं. बाहेर दुरुस्तीला नेऊ नये, हे कलम पालकांच्या सहीच्या कागदात आम्ही ठळक केलंय. तरी माझ्या मते बॅकअपचं आश्वासन त्याहून जास्त उपयोगी पडलं.

या पद्धतीचा खरा दोष वेगळाच आहे. फॉरमॅट मारलं की लक्षण जातं, कारण तसंच राहतं. एक लॅपटॉप पुन्हापुन्हा यायचा, प्रत्येक वेळी 'फाइल करप्ट'. शेवटी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने तपासलं तर डिस्कच शेवटच्या घटका मोजत होती. हल्ली स्टिकरवरचा नंबर, तारीख आणि तक्रार रजिस्टरात लिहितो. एकाच सत्रात तोच नंबर तिसऱ्यांदा दिसला, तर त्यावर इमेज टाकायची नाही; मुलाला बदली लॅपटॉप द्यायचा आणि हार्डवेअर तपासायचं. त्यासाठी शाळेला दोन-तीन जादा मशीन बाजूला ठेवावी लागतात, आणि व्यवस्थापनाला तेवढंच पटवणं अजून बाकी आहे.