टर्बो जिप्सीला बाईकचा कार्ब्युरेटर : उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या कामाचा रिव्ह्यू (४ स्टार, एक का कापला ते खाली आहे)

आधीच सांगतो, गाळ्याचं नाव लिहिणार नाही. मिस्त्रींनीच दम दिलाय, "नाव टाकू नगासा, आदीच गाड्या लावायला जागा न्हाई." कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाऊन जिप्सीच्या कार्ब्युरेटरचं काम कोण करतं एवढं विचारा, तिसरा माणूस तरी हात करून दाखवेल.

गाडी १९९७ ची मारुती जिप्सी किंग, १२९८ सीसी, २००० साली एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन) आलं त्याच्या आधीची, म्हणजे कार्ब्युरेटरवाली. त्यावर भंगारातून घेतलेला एका डिझेल गाडीचा छोटा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), बूस्ट म्हणजे त्या हवेचा जादा दाब ६ पीएसआय. आता लगेच कुणीतरी विचारणार की मग एमपीएफआयच का नाही बसवलं, तर बाबांनो मला पण माहीत आहे की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लावून इंजेक्टर टाकले की निम्मी डोकेदुखी जाते, पण ट्यूनिंगला पुण्याला चार फेऱ्या आणि खर्च दुप्पट, आणि खरं सांगायचं तर मला कार्ब्युरेटरच चालवायचा होता. हौस आहे.

ह्याच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी (नाव घेत नाही, जाऊ दे) टर्बो बसवून घेतला होता. त्यांनी मूळचा दोन बॅरलचा कार्ब टर्बोच्या अलीकडं लावला, म्हणजे टर्बो कार्बमधून पेट्रोल-हवा दोन्ही ओढणार आणि पुढं इंजिनात ढकलणार. कागदावर सोप्पं. पण डिझेलच्या टर्बोला समोर थ्रॉटल (हवेची झडप) असणार हे कधी गृहीतच धरलेलं नसतं, आयडलला (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना) ही झडप बंद झाली की कॉम्प्रेसरमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि सीलमधून ऑइल ओढलं जातं. असल्या कामाला कार्बन सीलवाला टर्बो लागतो, हे मला सहा महिन्यांनी कळलं. तोपर्यंत सिग्नलला थांबलो की मागं एवढा निळा धूर, की गल्लीतली पोरं महापालिकेची डासांची फवारणी आली म्हणून मागं पळायची. इंटरकूलर (दाबून गरम झालेली हवा गार करणारा) लावायचा तर विषयच नाही, त्यात पेट्रोल साचलं आणि एक बॅकफायर झाला की बॉनेटच उडायचं.

मग मित्रानं ह्या मिस्त्रींकडं नेलं. बॉनेट उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "बूस्ट किती?" म्हटलं सहा. "आणि बाउलमदी किती?" मी गप्प. म्हटलं बाउलमध्ये (कार्बच्या खालची पेट्रोलची वाटी) कसलं प्रेशर, तिथं पेट्रोल असतंय. ते हसले आणि चहा सांगितला.

तर मुद्दा असा. कार्ब टर्बोच्या पुढं लावायचा, म्हणजे टर्बो फक्त हवा दाबणार आणि ती दाबलेली हवा कार्बमधून जाणार. ऑइल ओढायचा प्रश्न मिटला, इंटरकूलर पण लावता येतो. पण कार्ब चालतो कशावर, तर बाउलमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि व्हेंच्युरीत (कार्बच्या अरुंद गळ्यात) तो कमी होतो, त्या फरकावर पेट्रोल जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक भोकातून, वर चढतं. आता व्हेंच्युरीतच ६ पीएसआय आले आणि बाउल मात्र उघड्या हवेत, तर पेट्रोल वर यायचं सोडून हवाच जेटमधून खाली बाउलमध्ये घुसणार. मिस्त्रींच्या भाषेत, "फवारणीच्या पंपाचं झाकान उघडं ठिऊन दांडा हाणल्यासारकं." म्हणून बाउलच्या व्हेंटला (हवेच्या भोकाला) टर्बोच्या पाइपमधून नळी द्यायची, दोन्हीकडं सारखा दाब, मग कार्बला कळतच नाही की टर्बो आहे.

आणि बाउलमध्ये ६ पीएसआय आले की तिथं पेट्रोल आत ढकलणाऱ्या पंपाला त्याच्यापेक्षा जास्त जोर पाहिजे. जिप्सीचा मूळचा मेकॅनिकल पंप तीन-चार पीएसआयच्या आसपास, तो तिथंच हात टेकतो. त्यामुळं इलेक्ट्रिक पंप आणि बूस्टची नळी लावलेला रेग्युलेटर, जेवढं बूस्ट वाढेल तेवढंच पेट्रोलचं प्रेशर वाढणार, आमचं बेस अडीच ठेवलंय म्हणजे फुल बूस्टला साडेआठ. रिटर्न लाइन गाडीला आधीच होती, तेवढं एक काम वाचलं.

कार्ब कुठला? हार्ले स्पोर्टस्टरवर २००६ पर्यंत यायचा तो ४० एमएमचा केहिन सीव्ही, पण ओरिजिनल नाही, ऑनलाइन मिळणारी कॉपी. यामाहा आर१ च्या पहिल्या मॉडेलवरचे चार मिकुनींचा सेट लावावा असं माझ्या डोक्यात होतं, मिस्त्री म्हणाले, "चार लावलासा तर चार बाउल, चार व्हेंट, चार ठिकाणी गळती. एकच लावा आनि झोपा." पटलं.

कॉपीबद्दल माझं मत : साडेसहा हजारात बॉडी बरी, पण जेटवर छापलेल्या नंबरवर काडीचा विश्वास ठेवू नका. १९५ लिहिलेले दोन जेट होते आणि दोघांची भोकं वेगळी, मिस्त्रींनी ड्रिलच्या बारीक पिना घालून दाखवलं. शेवटी चांगले जेट वेगळे घेतले, बाराशे गेले. डायफ्रामचं रबर पण पातळ आहे आणि आता सगळीकडं ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल, ते किती दिवस टिकेल ते बघू, एक जादाचा आणून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय.

खरी मजा एल्बोत आली. बाईकचा कार्ब आडवा, जिप्सीच्या मॅनिफोल्डचं (कार्बपासून सिलिंडरपर्यंतची हवा-पेट्रोलची वाट) तोंड वर, म्हणजे मधे काटकोनातला एल्बो पाहिजे. दुसऱ्या कुठल्या गावात असतो तर पाइप कापून वेल्डिंग करून दिला असता. आपण कोल्हापुरात आहोत भावा, मिस्त्रींनी लाकडाचा पॅटर्न करून घेतला आणि शिरोली एमआयडीसीत एका ओळखीच्या फाउंड्रीतून ॲल्युमिनियमचं कास्टिंग ओतून आणलं, मग लेथवर दोन्ही फेस मारले. पॅटर्नसकट अठ्ठेचाळीसशे. आतला वळसा मुद्दाम मोठा ठेवला, कारण वळणावर पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटतात, आणि खाली मॅनिफोल्डच्या बुडातून गरम पाणी फिरतं तिथं ते परत उडून जातात. एवढी अक्कल आधी टर्बो बसवायला मी ज्याला ऐंशी हजार दिले होते त्याला नव्हती.

मग टेस्ट. ह्यासाठी माझे दोन स्टार. कार्बच्या तोंडावर एक बूच बसवलं, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरनं १० पीएसआय भरले आणि सगळ्या कार्बवर साबणाचं पाणी मारलं. थ्रॉटलच्या शाफ्टला दोन्ही बाजूंनी फेस! चोकच्या नटाला पण. साध्या बाईकवर तिथं जरा हवा आत गेली तर आयडल हलतं एवढंच, पण इथं आत बूस्ट आहे, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर, आणि एक वीत अंतरावर लाल झालेला टर्बो. मिस्त्रींनी शाफ्टच्या दोन्ही टोकांना खाचा काढून ओ-रिंग बसवले, चोकची केबल काढून तिथं बूच मारलं आणि परत साबण. मग फ्लोट (बाउलमधला तरंगता पोकळ तुकडा, पेट्रोलची पातळी राखणारा) गरम पाण्यात बुडवून बुडबुडा येतो का ते बघितलं. आणि मला म्हणाले, आग विझवायचा सिलिंडर सीटखाली बसवल्याशिवाय चावी मिळणार नाही. घेतला गपगुमान.

सीव्ही कार्बची आणखी एक गंमत, त्याची स्लाइड केबलनं नाही तर व्हॅक्यूमनं उचलते, डायफ्रामच्या खालच्या बाजूला तोंडाकडची हवा लागते. ती जर बाहेरच्या हवेला उघडी राहिली तर बूस्ट आल्या आल्या स्लाइड खाली बसते आणि गाडी गुदमरते. ह्या कार्बला ते भोक तोंडातच आहे त्यामुळं आपोआप दाबात आलं, पण काही बाईकच्या कार्बला ते बाहेरून नळीनं येतं, तुम्ही दुसरा घेत असाल तर आधी ते शोधा.

जेटिंगला तीन दिवस. वाइडबँड मीटर (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा जळते ते दाखवणारा) माझा होता. बूस्टमध्ये आकडा १३ च्या वर जात होता, म्हणजे पेट्रोल कमी, ते धोक्याचं, पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. मेन जेट दोनदा वाढवला, सुईखाली वॉशर टाकलं, आता फुल बूस्टला ११.८ च्या आसपास राहतो. स्पार्कचं टायमिंग मागं घेतलं आणि डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमच्या नळीत वन-वे व्हॉल्व्ह टाकला, म्हणजे बूस्ट तिकडं जाणार नाही.

आता ऑफरोडला कसं? सगळे म्हणतात बाईक वळणावर झुकते, म्हणून तिचा कार्ब तिरका झाला तरी चालतो. हे साफ चुकीचं आहे. बाईक वळणात झुकते तेव्हा जोर बाईकच्या रेषेतच खाली लागतो, बाउलमधलं पेट्रोल सरळच असतं, विश्वास नसेल तर पाण्याची भरलेली बादली गरगरा फिरवून बघा. फायदा वेगळाच आहे, बाउल लहान आणि जेट मधोमध, त्यामुळं चढावर पेट्रोल मागं सरकलं तरी जेट उघडा पडत नाही. मित्राच्या शेताजवळच्या जुन्या खाणीत चढवून बघितली (मसाई पठारावर नाही, तिथं गाड्या घालणाऱ्यांवर माझा राग आहे). मूळच्या कार्बला ज्या चढावर गाडी मधेच खोकून बंद पडायची तिथं आता आयडलवर उभी राहते. उजवीकडं जास्त कलली की मात्र थोडी रिच होते (पेट्रोल जास्त जातं), फ्लोटची बिजागरी त्या बाजूला आहे. मिस्त्रींनी कार्ब फिरवून बसवायला पाहिजे होता, पण मग थ्रॉटलची केबल येत नव्हती. ठीक आहे.

टर्बो लॅग आहे, खोटं बोलणार नाही. २८०० आरपीएमपर्यंत ही साधी जिप्सीच, मग एकदम नाद खुळा. वाघबीळच्या चढाला पूर्वी तिसऱ्यात रडत जायची असं आठवतंय. आठवतंय म्हटलं, कारण आता ती रस्त्यावर नेत नाही, ट्रेलरवर नेतो. गाडीत असले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही ते स्पष्ट केलंय, तेव्हा मला मेसेज करून आरटीओचं काय असं विचारू नका.

एक स्टार का कापला. आठ दिवस सांगून पाच आठवडे लावले. त्यातला एक आठवडा माफ, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीच्या वर गेलं आणि मिस्त्रींचं गाव नदीकाठचं, ते जनावरं हलवायला गेले, त्यात काय बोलणार. पण बाकीचे तीन आठवडे फोन उचलायचा नाही म्हणजे नाहीच. "उद्या या" म्हणून बोलवायचं, गेलो की मिस्त्री मिसळ खायला गेलेत, परत आले की साडेबारा, मग जेवण. बिल पण पाठकोऱ्या कागदावर. मजुरी चौदा हजार, पंप आणि रेग्युलेटर बहात्तरशे, सगळं धरून तेहेतीस हजार सातशे. माझ्या मते मजुरी कमीच लावली, पण हे त्यांना सांगू नका.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, फोनच्या भरवशावर राहू नका, वाइडबँड स्वतःचा न्या, त्यांच्याकडं नाही, ते प्लगचा रंग बघून सांगतात आणि गंमत म्हणजे मीटर लावल्यावर फार फरक निघत नाही. एल्बोचा लाकडी पॅटर्न मी मागितला होता. दिला नाही. गाळ्यात देवाच्या फोटोशेजारी ठेवलाय, म्हणाले, "आजून दोन जिप्सीवालं इचारून गेल्यात."